मावशीला खुर्चीला कुणी बांधलं नव्हतं

आमच्या जिन्यावर सध्या एक बातमी वर-खाली करतेय. मास्तरांच्या शेवटच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओतल्या लोकांनी मावशीला म्हणे खुर्चीला बांधून ठेवलं होतं. तळमजल्यावरच्या औषधवाल्याकडे ही बातमी वायरने बांधल्याची होती. वर चढता चढता वायरीची दोरी झाली, आणि आमच्या समोरच्या काकूंच्या दारात पोचेपर्यंत दोरीला गाठी पडल्या होत्या आणि मावशीच्या तोंडात बोळाही कोंबला गेला होता. काकू आधी म्हणतात, "मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात." मग आवाज खाली आणतात, इतका खाली की गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यालाही स्पष्ट ऐकू जावा, आणि म्हणतात, "हातपाय बांधले गं बाई तिचे! चांगली शिकलीसवरलेली बाई!"

तर बांधलं कुणी नव्हतं. वायर होती, पण ती हेडफोनची, आणि मावशीने ती स्वतःच्या मनगटाला स्वतःच गुंडाळून घेतली होती. बोळा नव्हता. चपला मात्र काढून ठेवायला लावल्या होत्या. आणि हे सगळं का करावं लागलं, हे कळायला मावशी आधी कळायला हवी.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. घरात आणि कामावर सगळे तिला भिंगरी म्हणतात. जेवताना ती एक पाय मोडून खुर्चीच्या कडेला टेकते, म्हणजे उठायला सोपं. दात घासता घासता कुंड्यांना पाणी घालते. सिनेमाला गेली की मध्यंतर व्हायच्या आधीच दोनदा बाहेर जाऊन येते आणि आल्यावर विचारते, "मेला का तो? नाही अजून?" तिचं बोलणंही असंच, एका वाक्याचा दरवाजा उघडा टाकून दुसऱ्यात शिरायचं: "हे बघ, ते दूध, नाही, आधी ती किल्ली, अगं पण तू अजून इथेच?" आई म्हणते, लहानपणी हिला झोपवायला आम्ही घरभर हिच्या मागे उशी घेऊन फिरायचो.

आणि या बाईला नोकरी कुठे लागावी? जिथे हलायला बंदी आहे, तिथे.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात उतरवणारा तो स्टुडिओ. एका अरुंद बोळासारख्या जागेत दोन्ही बाजूंना खोल्या, भिंतींना करड्या रंगाचा फोम, प्रत्येक दारावर लाल दिवा. दिवा पेटला की बाहेरून जाणाऱ्यानेसुद्धा श्वास बेताने घ्यायचा. प्रत्येक खोलीचे काचेने दोन भाग केलेले. काचेपलीकडे वाचणारा, माइक आणि पुस्तक. काचेअलीकडे कंप्यूटर आणि रेकॉर्डिंग करणारा. मावशीचं काम या सगळ्या कंप्यूटरांना धडधाकट ठेवण्याचं.

कंप्यूटरलाही रोजची झाडलोट लागते. कालच्या रेकॉर्डिंगचे उरलेसुरले तुकडे पुसायचे, डिस्कवर जागा आहे का बघायचं, झालेल्या कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवायची, नवे अपडेट चढवायचे, आणि मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. एकेक काम चिमूटभर, पण खोल्या पुष्कळ. सकाळी कामं कधीच उरकायची नाहीत. मग दिवसभर कुठल्या ना कुठल्या दारातून तिचं डोकं आत यायचं. "फक्त दोन मिनिटं!" यातला "फक्त" दाराबाहेर असायचा आणि "मिनिटं" म्हणेपर्यंत ती कीबोर्डवर बसलेली असायची.

वाचणाऱ्यांना तिचा धसका होता. सगळ्यात जास्त मास्तरांना. मास्तर म्हणजे खरेखुरे निवृत्त शाळामास्तर. अंगाने काडी, आवाजाने रणगाडा. दीपगृह सांभाळणाऱ्या एका कुटुंबाची तीन पिढ्यांची कादंबरी ते वाचत होते, पुस्तक असं की उशीला घेतलं तर मान अवघडावी. म्हातारा दिवेवाला बोलायला लागला की मास्तरांचा आवाज खारट व्हायचा. त्याची नात बोलली की तोच आवाज अनवाणी पळायचा. आणि असा तो रंगात आला असताना दार करकरायचं.

"फक्त दोन मिनिटं, मास्तर."

"ये," मास्तर म्हणायचे. "तू ये. नात बोटीत चढतेय, तिला म्हणतो, बाई, जरा खाली उतर, यंत्राला आंघोळ घालायचीय."

"अहो, एवढं नका ना लावून घेऊ."

"मी नाही लावून घेत. पण अर्ध्यावर सोडलेलं वाक्य चहा पिऊन आल्यावर शिळं लागतं, त्याला मी काय करू?"

मास्तरांच्या खोलीत रेकॉर्डिंगला बसतात श्शूकाका. त्यांचं खरं नाव पगार देणाऱ्यांना ठाऊक असेल. बाकी सगळे श्शूकाका म्हणतात, कारण ते श्वाससुद्धा "श्शू" असाच सोडतात. काच जुनी आहे, तिच्या कडा सुटल्यात, अलीकडची खुर्ची करकरली तरी पलीकडच्या माइकला कळतं. म्हणून काका रेकॉर्डिंग सुरू केलं की हाताची घडी घालतात, डोळे मिटतात आणि कानांनी बसतात. माशी आली तरी तिला नुसते भुवईने हाकलतात.

तक्रारी वाढल्या तेव्हा संचालकबाईंनी मावशीला बोलावून घेतलं. बाई कधी ओरडत नाहीत. त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी पेन टेबलावर आडवं ठेवतात, आणि समोरचा त्या पेनाला घाबरतो.

"तुझं काम चांगलं आहे," बाई म्हणाल्या. पेन आडवं. "पण ते दिसता कामा नये." पेन आडवं. "ही झाडलोट आपोआप व्हायला काय हरकत आहे?"

हरकत कसली! मावशी आनंदाने बाईंच्या खोलीतून उलटी चालत बाहेर आली आणि पाणी भरायला आलेल्या माणसावर आदळली. तिच्या डोक्यात हे कधीपासून होतंच. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला साधी अक्कल दिली: माउस आणि कीबोर्ड बराच वेळ कुणी हलवला नाही, म्हणजे माणूस जागेवर नाही, म्हणजे यंत्र रिकामं आहे, म्हणजे कामाला लाग. हात परत आला की गुपचूप थांब.

हिशेबाच्या खोलीत हे झक्कास चाललं. हिशेबनीस चहाला गेला, परत येतो तर कंप्यूटर न्हाऊनमाखून तयार. स्वागतकक्षातली मुलगी फोनवर मैत्रिणीशी बोलत राहिली, तेवढ्यात तिचंही उरकलं. मावशीने रेकॉर्डिंगच्या एका खोलीतही स्वतः बसून तपासणी केली. माइक काचेअलीकडे कंप्यूटरशेजारी ओढून घेतला आणि त्याच्यासमोर वर्तमानपत्र धरून हवामानाचा अंदाज मोठ्याने वाचला. यंत्र जागचं हललं नाही. मग तिने सगळ्या खोल्यांमध्ये प्रोग्रॅम बसवला आणि घरी येऊन आईला म्हणाली, "ताई, उद्यापासून मी अदृश्य."

त्याच सुमाराला मास्तरांचा गळा बसायला लागला. सर्दी असेल म्हणून त्यांनी चार गोळ्या चघळल्या. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे, काढावी लागेल. जिवाला धोका नाही. पण नंतर आवाज येईल तो हाच असेल याची हमी नाही. कदाचित घोगरा येईल, कदाचित नुसती कुजबुज. ऑपरेशनचा दिवस ठरला. तोवर रोज अगदी थोडंच बोलायचं.

मास्तर हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या गळ्याबद्दल सांगावं तसं सांगून मोकळे झाले. मग म्हणाले, "वादळाचं प्रकरण आणि शेवटचं, एवढंच राहिलंय. कादंबरी माझ्याच तोंडून संपू दे. शेवटाला वेगळाच माणूस बोलायला लागला तर ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा दिवेवाला घर सोडून गेला."

घरातली सगळी बोलणी बंद करून, बायकोशी हाताच्या खुणांनी भांडून त्यांनी आवाज साठवला आणि वादळ वाचायला आले.

ते वादळ कुणी ऐकलंय? श्शूकाकांनी, त्यांच्या कानांनी. ते म्हणतात, मास्तरांनी लाट नुसती वाचली नाही, भिंतीवर आपटली. नावाडी ओरडतोय, नात ओरडतेय, म्हाताऱ्याला दोघांचं काही ऐकू येत नाहीये. मास्तर पान सळसळू नये म्हणून हात काखेत दाबून उभे, काका हाताची घडी घालून डोळे मिटून बसलेले. दोघांपैकी कुणाचा हात कशालाही लागत नव्हता. आणि घरघर ऐकू येऊ नये म्हणून लाकडी पेटीत ठेवलेल्या यंत्राने विचार केला, चला, गेले वाटतं सगळे. मग ते झाडलोटीला लागलं. आणि शेवटी, शिकवलं होतं तसं, बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

पडदा तसाही हात लागला नाही की काळा होतो. हेडफोनमध्ये माइकचा आवाज सरळ येतो, तो येतच राहिला. वादळ ओसरलं, मास्तर घामाघूम होऊन स्टुलावर टेकले, काकांनी डोळे उघडून माउस हलवला आणि समोर स्वच्छ, ताजातवाना, सगळे अपडेट चढवलेला पडदा आला. वादळाची फाइल सुरुवातीलाच तुटली होती. तिच्यात थोडा वारा होता, बस.

काकांनी मावशीला हाक मारली नाही. ते बाहेर येऊन नुसते उभे राहिले. ती बोळातून एका खोलीतून दुसरीत निघाली होती, त्यांचा चेहरा बघून जागच्या जागी थांबली. ती जागच्या जागी थांबलेली तेव्हा प्रथमच पाहिली, असं काका सांगतात.

ती आत गेली. मास्तरांना म्हणाली, "मास्तर, वादळ गेलं."

"गेलंच," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चांगलं झालं ना?"

मग त्यांना कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गळ्याला हात लावून बघितला, खिसा चाचपून बघतात तसा.

बाईंनी त्या दिवशी पेन आडवं ठेवलं नाही, हातातच धरलं. "मास्तरांचं पुस्तक होईपर्यंत तुझं ते आपोआप पूर्ण बंद."

"बंद करून चालणार नाही, बाई. अपडेट किती वेळा पुढे ढकलणार? ढकलून ढकलून शेवटी यंत्र आपल्याला विचारतच नाही. मनाला येईल तेव्हा बंद होतं. तेव्हा नेमकं—"

"मग काय करायचं?"

"ते नीट कसं व्हायचं ते मला शोधायला हवं."

"शोध," बाई म्हणाल्या. "पण मास्तर पुन्हा येतील त्या दिवशी तू इमारतीत नकोस."

घरी ती भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिली. पंख्याखाली उभी राहून पंखा बंद केला, परत लावला. आईने "बस की गं दोन घास" म्हटल्यावर बसली, आणि ताटात हात धुऊन उठली, जेवायच्या आधीच. तिला एकच गोष्ट कुरतडत होती. तिने स्वतः तपासलं होतं. त्याच तऱ्हेच्या खोलीत, माइकसमोर बसून, वाचून. तेव्हा यंत्र झाडलोटीला का नाही लागलं?

दुसऱ्या दिवशी तिने हा प्रश्न श्शूकाकांना विचारला. काका म्हणाले, "परत करून दाखव."

तिने वर्तमानपत्र घेतलं, माइक परत कंप्यूटरशेजारी ओढला आणि वाचायला लागली. हवामान, मग छोट्या जाहिराती. काका बाजूला उभे. यंत्र शांत.

"बघा! काही होत नाही. मी बसलेय, वाचतेय, आणि—"

"हात," काका म्हणाले.

"काय हात?"

"श्शू. बघ."

मावशीने बघितलं. तिचा उजवा हात माउसवर होता. तो माउस ती गोल गोल फिरवत होती, कणीक मळावी तसा. तिने हात उचलून मांडीवर ठेवला आणि परत वाचायला लागली. वाक्य संपायच्या आत हात आपला आपण परत माउसवर जाऊन बसला होता.

"अय्या," मावशी म्हणाली.

म्हणजे यंत्राची काही चूक नव्हती. मावशीने त्याला स्वतःसारखंच बनवलं होतं. जो हलत नाही तो काही करत नाही, हे तिला इतकं खरं वाटत होतं की तिने ते लिहून यंत्राच्या डोक्यात घातलं. आणि तपासायला कोण बसली? तीच. आख्ख्या इमारतीत एकच माणूस होतं ज्याला ते यंत्र कधीच रिकामं समजलं नसतं. इथे काम म्हणजे हात गप्प ठेवणं. जितकं काम मोठं, तितके हात गप्प. वादळात तर ते काखेतच होते.

"काका, मी गाढव आहे."

"गाढव बराच वेळ एका जागी उभं राहतं," काका म्हणाले.

मग ती जी सुटली ती सुटलीच. हातांना विचारून उपयोग नाही, मग विचारायचं कुणाला? दारावरच्या लाल दिव्याला! आजवर त्या दिव्याची कळ नुसती दिव्याची होती. मावशीने वायरमनला बोलावलं, त्याच्या डोक्यावर बसून ती कळ कंप्यूटरला जोडून घेतली. आता कळ दाबली की दिवा पेटणार, रेकॉर्डिंग सुरू होणार, आणि त्या खोलीतलं यंत्र झाडलोटीचं नावसुद्धा काढणार नाही, मग हात हलो न हलो. परत दाबली की दिवा विझणार, रेकॉर्डिंग थांबणार. आणि सगळी कामं जेवायच्या सुट्टीत, एकेका खोलीत पाळीपाळीने, तेही त्या खोलीचा दिवा विझलेला असेल तरच. वायरमन जाताना म्हणाला, "ताई, मी शिडीवर असताना शिडी नका ना हलवू."

या वेळी तपासायला ती स्वतः बसली नाही. श्शूकाकांना बसवलं. त्यांनी डोळे मिटले, हाताची घडी घातली, आणि इतके छान बसले की मध्ये त्यांना डुलकी लागली. यंत्र जागं होतं. दिवा लाल होता. जेवायच्या सुट्टीत दिवा विझवून सगळे डबे उघडून बसले तेव्हा आतल्या बंद खोल्यांमधून एकेका यंत्राचा, काम झालं हे कळावं म्हणून मावशीने नवा बसवलेला "टुंग" ऐकू यायला लागला, पाळीपाळीने. मावशी दर टुंगला उठत होती आणि काका तिला बाहीला धरून खाली बसवत होते.

मास्तर पुन्हा यायचा दिवस ऑपरेशनच्या अगदी तोंडावर आला. तेवढाच आवाज जमला होता. वादळ आणि शेवट, एका बैठकीत. मध्ये थांबलं तर गळा आखडायचा आणि त्या दिवसापुरता परत सुटायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी खिशातला छोटा रेकॉर्डरही आणून ठेवला होता, पण त्यात माणूस पिंपात उतरून बोलल्यासारखा वाटतो.

"भिंगरी कुठेय?" मास्तरांनी कागदावर लिहून विचारलं.

"तिला आज यायला नको सांगितलंय," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी लिहिलं: ती हवी. काही बिघडलं तर धावणारं कुणीतरी पाहिजे. मग खाली आणखी लिहिलं: पण काही बिघडलं नाही तर हलायचं नाही. काचेतून कुणी हलताना दिसलं की माझी ओळ हलते.

हे फोनवर कळलं तेव्हा मावशी घरी आमच्या खिडकीचे पडदे काढून उलटे लावत होती. ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. आई हसून हसून भिंतीला टेकली. आणि मी म्हटलं, "तू? बसणार? पैज!"

"लाव!" मावशी एक चप्पल पायात, एक हातात घेऊन म्हणाली.

अटी दारातच ठरल्या. मास्तर पुस्तक मिटेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही आणि माउसला हात लावायचा नाही. ती हरली तर महिनाभर जेवताना बुड पूर्ण टेकून बसायचं. मी हरले तर आठवडाभर तोंडाने कुणाची नक्कल करायची नाही. "माझी तर नाहीच नाही," ती जिन्यावरून ओरडली, आणि तोवर ती औषधवाल्याच्या दारापर्यंत पोचली होती. तर बातमीला वायर कुठून मिळाली, ते असं. तिथे थांबून तिने त्याला म्हटलं होतं, "आज मला वायरने बांधूनच बसवणार आहेत बघा."

स्टुडिओत तिच्या चपला काढायला लावल्या, कारण त्या चुरचुरतात. काकांच्या शेजारी एक न करकरणारी खुर्ची शोधून ठेवली होती. मावशीने हेडफोन घातले, वायर उजव्या मनगटाला गुंडाळली आणि टोक मुठीत धरलं, म्हणजे हात कुठे निघाला तर निदान कानाला कळेल. काकांनी कळ दाबली. दारावर दिवा, मास्तरांच्या पुस्तकाशी लहान दिवा, दोन्ही लाल.

वादळ सुरू झालं.

पहिल्या वेळेसारखं ते नव्हतं. आवाज फाटत होता. पण फाटलेल्या आवाजात नावाडी ओरडला तेव्हा तो खरंच दुरून, पाण्यावरून ओरडला. मावशीच्या पायाची बोटं फरशीवर पळत होती, बाकी ती बसून होती. तिला गोष्ट ऐकू येत नव्हती. तिला पेटीतल्या यंत्राचा पंखा ऐकू येत होता. तो मघापेक्षा मोठा झालाय का? झालाय. का झालाय? काही सुरू झालं का आत? पडदा काळा होता. माउस हातभर अंतरावर. जरासा हलवला असता तर कळलं असतं. जरासाच. वायर मनगटात रुतली, हेडफोन एका कानावरून सरकला. ती तशीच बसली. पंखा खोली तापली म्हणून वाढला होता. थोड्या वेळाने आपला आपण खाली आला. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तिला वाटलं, वादळ काय वाचता, मास्तर, ते इथे आहे.

मग कधीतरी, कुठे ते तिलाही सांगता येत नाही, पंखा ऐकू यायचा थांबला आणि मास्तर ऐकू यायला लागले. वादळ गेलं होतं. म्हातारा दिवेवाला खाटेवर पडून होता, त्याला आता दिसत नव्हतं, आणि तो नातीला रोज विचारायचा तेच विचारत होता.

"दिवा लावलास का?" मास्तर म्हणाले.

आणि थांबले.

त्यांनी डोळे मिटले. एक हात काखेतून निघून गळ्याशी गेला. काहीच येत नव्हतं. काकांनी डोळे उघडले. पान संपत आलेलं, माणूस दमलेला, शांतता वाढत चाललेली. त्यांना वाटलं, झालं. त्यांचं बोट कळेकडे निघालं. कळ दाबली की लहान दिवा विझणार, रेकॉर्डिंग थांबणार आणि मास्तर पानातून बाहेर येणार.

मावशी खुर्चीतून उठली नाही. तिने नुसता हात पुढे केला आणि काकांचं मनगट धरलं. घट्ट. वायरीसकट. काकांनी तिच्याकडे बघितलं. ती काचेकडे बघत होती आणि मान हलवत होती, इतकी बारीक, की माशीलासुद्धा दिसली नसती. संपलं नाहीये. थांबलेत ते. नुसते थांबलेत.

दोघं तसेच बसले. कुणाचा हात कशालाही लागत नव्हता, एकमेकांशिवाय. दिवा लाल होता. यंत्र जागं होतं.

"लावला," मास्तर म्हणाले. अनवाणी पळणाऱ्या आवाजात. नातीच्या.

मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्याचा धप्प असा आवाजही रेकॉर्ड झाला. तो काढायचा नाही, असं बाईंनी नंतर सांगितलं, पेन आडवं ठेवून.

मास्तरांचं ऑपरेशन झालंय. गाठ निघाली. डॉक्टरांनी एवढ्यात तोंड उघडू नका म्हटलंय, म्हणून आवाज कसा उरलाय ते कुणालाच ठाऊक नाही, त्यांनाही. ते पाटीवर लिहितात, आणि मावशी भेटायला गेली की लिहितात: बस. ती बसते. थोडा वेळ. स्टुडिओत आता जेवायच्या सुट्टीत पाळीपाळीने टुंग वाजतात आणि कुणी मान वर करून बघत नाही.

मी पैजेवरून खूप वाद घातला. काकांचं मनगट धरलं म्हणजे हलली, हललीस की नाही सांग! तिने श्शूकाकांनाच साक्षीला आणलं. त्यांनी दोन्ही अटी शांतपणे ऐकल्या आणि म्हणाले, "उठली नाही. माउसला हात लावला नाही. मी माउस नाही. श्शू."

म्हणून आठवडाभर माझं तोंड बंद आहे. समोरच्या काकू दारात उभ्या राहून गाठी मारलेल्या दोरीची गोष्ट सांगतात, आणि मला त्यांचा तो खाली आणलेला आवाज गळ्याशी येऊन येऊन परत गिळावा लागतो. लिहायला मात्र बंदी नाही. मावशी अट घालताना जिना उतरत होती, तिला तेवढं सुचलं नाही.